सल्ला कोणाचा घ्यायचा? आयटीआयच्या व्यवस्थापन समितीचं एक वाचन

मागच्या दोन व्याख्यानांत आपण 'कौशल्य' या शब्दाकडे पाहिलं. हाताला येणारं ज्ञान आणि पुस्तकात मावणारं ज्ञान यांच्यातलं अंतर किती, यावर बरीच चर्चा झाली आणि बऱ्याच जणांनी लिहून कळवलंही, की हे सगळं ठीक आहे सर, पण जमिनीवर काय? तर आज जमिनीवर येऊ. जमीन म्हणजे रायगडचा किनारा, उरणपासून श्रीवर्धनपर्यंत. आणि आज वाचायला घेतलाय तो कुठला तत्त्वज्ञानाचा ग्रंथ नाही. एक सरकारी मार्गदर्शक सूचना आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली आयटीआय, तिच्या संस्था व्यवस्थापन समितीची रचना सांगणारी.

तुम्ही म्हणाल, यात वाचण्यासारखं काय? आमचं म्हणणं असं, की गेल्या वीस वर्षांत आपल्या समाजानं 'कुणाला विचारायचं' या प्रश्नाला जी लेखी उत्तरं दिली, त्यांतलं हे एक फार प्रामाणिक उत्तर आहे. प्रामाणिक अशासाठी, की त्यात कोण महत्त्वाचं आणि कोण बिनमहत्त्वाचं हे खुर्च्यांच्या हिशोबानं सरळ दिसतं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची. १९५६ मध्ये संस्थांचं रोजचं प्रशासन राज्यांकडे गेलं, पण कुठले व्यवसाय शिकवायचे, अभ्यासक्रम कोणता, परीक्षा कशी, हे दिल्लीत ठरत राहिलं. १९६१ ला शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. मग पुढची चाळीसेक वर्षं तक्रार एकच: आयटीआयमधून बाहेर पडणारा मुलगा कारखान्याच्या उपयोगाचा नाही. तेव्हा २००७-०८ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या १३९६ सरकारी आयटीआय 'सार्वजनिक-खाजगी भागीदारी'त घ्यायचं ठरवलं. प्रत्येक संस्थेला एक उद्योग भागीदार. प्रत्येक संस्थेची व्यवस्थापन समिती, तीही नोंदणीकृत सोसायटी. आणि त्या सोसायटीला अडीच कोटी रुपयांचं बिनव्याजी कर्ज. पहिली दहा वर्षं परतफेड नाही, पुढच्या वीस वर्षांत हप्त्यांनी फेडायचं.

आता खुर्च्या मोजू. अध्यक्ष उद्योग भागीदाराचा. स्थानिक उद्योगांचे आणखी चार सदस्य, तेही उद्योग भागीदारानंच सुचवायचे. पाच जण सरकारनं नेमायचे: जिल्हा रोजगार अधिकारी, संचालनालयाचा एक प्रतिनिधी, स्थानिक शैक्षणिक वर्तुळातला एक तज्ज्ञ, ज्येष्ठ शिक्षकांपैकी एक, आणि विद्यार्थ्यांचा एक. प्राचार्य हे पदसिद्ध सदस्य सचिव. झाली समिती.

कागदावर ही रचना वाईट आहे का? आम्हांला तसं वाटत नाही. विद्यार्थ्याला खुर्ची दिलीय, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. शिक्षकाला दिलीय. उद्योगाला आणलंय, आणि उद्योगाशिवाय व्यवसाय शिक्षणाची भाषा करणं म्हणजे पाण्याशिवाय पोहणं शिकवणं. तेव्हा 'भांडवलदारांच्या हाती शिक्षण दिलं' अशी जी ठोक टीका त्या वेळी झाली, तिच्याशी आमचं जमत नाही. ती टीका रचनेकडे न बघता केलेली होती.

आमची हरकत वेगळी आहे. ही समिती 'मला काय हवंय' हे सांगू शकणाऱ्यांची आहे. 'मी काय पाहिलंय' हे सांगू शकणारे तिच्यात जवळजवळ नाहीत. मागणी आणि साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला सल्ला साक्षीतून निघतो.

हे जरा उलगडून सांगायला हवं. अ‍ॅरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात एक युक्तिवाद आहे. एखाद्या कलेचा निवाडा तज्ज्ञानंच करावा असं आपण म्हणतो; पण काही कला अशा असतात की त्यांचा सर्वात चांगला परीक्षक ती कला करणारा नसतो, ती वापरणारा असतो. घर कसं झालंय हे गवंड्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला जास्त कळतं, सुकाणूबद्दल सुतारापेक्षा तांडेलाला कळतं, जेवणाबद्दल आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याला. तांडेल हा शब्द अर्थात आमचा, अ‍ॅरिस्टॉटलचा नव्हे, पण दृष्टांत त्याचाच आहे. पुढे विसाव्या शतकात जॉन ड्यूई यांनी हाच मुद्दा लोकशाहीला लावला: चामड्याचं ज्ञान चांभाराला असेल, पण बूट कुठे चावतो हे पायालाच ठाऊक असतं. त्यांचं ते पुस्तक १९२७ सालचं. त्याच वर्षी मार्चमध्ये, ड्यूईंचे कोलंबियातले विद्यार्थी डॉ. आंबेडकर, आपल्या याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडच्या तळ्यावर उभे होते. योगायोगच. पण कुणाच्या अनुभवाला साक्ष म्हणून मान्यता मिळते हा प्रश्न दोन्ही ठिकाणी होता, एवढं ध्यानात ठेवू.

आता या कसोटीवर आपला किनारा लावून बघा.

रायगडमध्ये उद्योग म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? थळचा खत कारखाना, नागोठण्याचं पेट्रोकेमिकल, डोलवीचं पोलाद, तळोजा, रोहा, महाडच्या औद्योगिक वसाहती, आणि उरणला १९८९ मध्ये सुरू झालेलं न्हावा-शेवा बंदर. मोठी नावं. समितीचा अध्यक्ष साहजिकच असल्याच कुठल्या तरी मोठ्या घराचा येतो. पण हे कारखाने चालतात नळ्या, नियंत्रण कक्ष आणि कंत्राटदार यांच्यावर. कायम नोकरीत थोडे लोक, बाकीचं देखभालीचं काम ठेक्यानं. तेव्हा अशा कंपनीचा मनुष्यबळ अधिकारी समितीत बसून 'फिटर आणि वेल्डर वाढवा' म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला फिटर हवेतच. फक्त किती हवेत, कायम हवेत की तीन महिन्यांच्या शटडाऊनपुरते, आणि कुठल्या मजुरीवर, हे तो सांगत नाही. कारण ते त्याला कुणी विचारत नाही. फिटर जितके जास्त तितका ठेकेदाराचा दर खाली, हा हिशोब समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. सल्ला देणारा आणि त्या सल्ल्याचा फायदा घेणारा एकच असेल, तर निदान ते टेबलावर मांडलं गेलं पाहिजे.

आता दुसरी बाजू बघा. याच किनाऱ्यावर रोज कुठलं काम अडतं?

रेवस, बोडणी, नवगाव, वरसोली, साखर, रेवदंडा, कोर्लई, मुरूड, राजपुरी, दिघी, भरडखोल, जीवना. होड्या किती आणि त्यांची इंजिनं किती! समुद्रातलं डिझेल इंजिन आणि ट्रकचं डिझेल इंजिन यांचा सांगाडा एक, पण आजार वेगळे. तिथे थंडाव्याला खारं पाणी जवळ येतं, नळ्यांत क्षार धरतो, पंपाचा पंखा खातो, जोडाजोडांत गंज बसतो. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक हा व्यवसाय आहे. पण शिकवायला ठेवलेलं इंजिन कोरड्यावरचं. लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या आल्या, किंवा लाकडावर फायबरचं कातडं चढवलं गेलं. ते फाटलं तर सांधायचं कुणी? बर्फाचे कारखाने अमोनियावर चालतात. तिथली गळती हे थंड कपाट दुरुस्त करणाऱ्या पोराचं काम नव्हे, ते वेगळं शास्त्र आहे आणि जिवाशी खेळ आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो सुरू झाली. आता अलिबाग-मुरूड पट्ट्यात बंगले, घरगुती निवास, पोहण्याचे तलाव, वातानुकूलन. खाऱ्या हवेत एसीची बाहेरची पेटी किती वर्षं टिकते हे बंगलेवाल्याला विचारा. आणि मग हेही विचारा, की ती दुरुस्त करायला माणूस कुठून येतो.

आणि जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ ३ तारखेला श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूनं जमिनीवर आलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब पडले, गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात. वर पावसाळा तोंडावर. त्या महिन्यात या किनाऱ्याला कुठली कौशल्यं हवी होती याची यादी करायला समिती लागत नव्हती: वायरमन, कौलं आणि पत्रे चढवणारा माणूस, पडलेलं झाड न मरता कापू शकणारा माणूस, आणि मोडलेली वाडी पुन्हा कशी लावायची हे सांगणारा. त्या अनुभवाची साक्ष कुणाकडे आहे? दिवेआगर-हरिहरेश्वरच्या बागायतदाराकडे, महावितरणच्या खालच्या फळीतल्या लाइनमनकडे, सरपंच बाईंकडे. यांतलं कुणीही 'स्थानिक उद्योग' या शब्दात बसत नाही. म्हणजे शब्द तसा सैल आहे, गॅरेजवाल्यालाही आत घेता आलं असतं. पण सदस्य सुचवायचा अधिकार मोठ्या भागीदाराकडे असला, की तो आपल्या ओळखीतलेच चौघे सुचवणार. यात दुष्टपणा काही नाही, सवय आहे.

इथे थोडं स्वतःबद्दल बोलतो. 'स्थानिक शैक्षणिक वर्तुळातला तज्ज्ञ' ही जी खुर्ची आहे, तशा एका खुर्चीवर आम्ही काही वर्षं बसलेलो आहोत. संस्थेचं नाव सांगण्याची गरज नाही. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक तिथे का, असं तेव्हाही काही जणांना वाटलं असणार, आणि त्यांचं चूक नव्हतं. बैठक प्राचार्यांच्या खोलीत व्हायची. विषयपत्रिका ठरलेली: मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, खर्चास मंजुरी, यंत्रसामग्रीच्या निविदा, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. अभ्यासक्रम, मजुरी, मुलं पुढे कुठे गेली, हे सगळं त्या 'ऐनवेळच्या विषयां'त. आणि तोवर चहा झालेला असे, अध्यक्षांची गाडी दारात उभी असे. विद्यार्थी प्रतिनिधी शेवटच्या खुर्चीवर बसायचा. गणवेश इस्त्रीचा. वर्षभरात तो एकदाच बोलला. म्हणाला, लेथवर आमचा नंबर आठवड्यातून एकदा येतो. त्यावर 'नोंद घेण्यात आली'. पुढच्या बैठकीत तो नव्हता, त्याचं वर्ष संपलं होतं. त्या नोंदीचं काय झालं हे विचारायला ज्याला अधिकार होता, तोच गेला.

'नोंद घेण्यात आली' या तीन शब्दांवर खरं तर वेगळं व्याख्यान होईल. मराठी प्रशासनातला हा सर्वात सभ्य नकार आहे.

यातून आमचा दुसरा मुद्दा निघतो. सल्लागाराचा हक्क काय? त्याचं ऐकलंच पाहिजे असं म्हणता येणार नाही. ऐकणं सक्तीचं झालं तर तो सल्ला राहत नाही, हुकूम होतो. आणि ऐकून सोडून द्यायचं असेल तर तोही सल्ला नव्हे, शिष्टाचार झाला. मधली जागा एकच आहे: सल्लागाराला उत्तर मिळण्याचा हक्क असतो. तुमचं म्हणणं मानलं, कारण हे. मानलं नाही, कारण हे. अमुक तारखेपर्यंत. लेखी. एवढं असलं की लेथवाल्या मुलाचं वाक्य पुढच्या वर्षीच्या मुलाला वारसा म्हणून मिळतं.

जर्मनीतला व्यवसाय शिक्षणाचा कायदा १९६९ चा. त्यात प्रत्येक उद्योग-व्यापार मंडळाला एक व्यवसाय शिक्षण समिती नेमावी लागते: मालकांचे सहा, कामगारांचे सहा, आणि व्यवसाय शाळांतल्या शिक्षकांचे सहा, आणि शिक्षकांचं मत बहुतेक बाबतींत सल्ल्यापुरतं. कामगारांचे सहा जण कामगार संघटनांच्या शिफारशीनं येतात. आणि कायदा म्हणतो की व्यवसाय शिक्षणाच्या सगळ्या महत्त्वाच्या बाबींची माहिती या समितीला दिली पाहिजे आणि तिचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. जर्मनीची नक्कल इथे होणार नाही. त्यांच्याकडे उद्योगाची मंडळं जुनी, संघटना बळकट, आणि मुलगा आधी कारखान्याचा असतो, मग शाळेचा. तरी आपल्या यादीशेजारी त्यांची यादी ठेवा, आणि जी एक रांग आपल्याकडे संपूर्ण गळालीय ती बघा. कामगार. आपल्या समितीत मालक आहे, अधिकारी आहे, मास्तर आहे, विद्यार्थी आहे. ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप, ते काम आज करणारा माणूस नाही. पाच वर्षांपूर्वी इथून शिकून गेलेला वेल्डर या समितीत का नसावा? कुठलं शिकवणं कामी आलं आणि कुठलं पहिल्याच दिवशी मुकादमानं विसरायला लावलं, हे त्याच्याइतकं कोण सांगेल?

उरण-पनवेलच्या बाजूला तर या प्रश्नाला रक्ताचा इतिहास आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र उभे राहिले, गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व निघालं. जमिनीचा मोबदला मोजता आला. पण त्याच आंदोलनाचा दुसरा अर्धा भाग होता नोकरीचा. बंदर येणार, शहर येणार, तर त्या बंदरात आमचा मुलगा कोण असणार? 'स्थानिकांना प्राधान्य' हे वाक्य त्यानंतर प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी म्हटलं गेलंय, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हाही. आणि प्रत्येक वेळी समोरून उत्तर येतं, प्राधान्य देऊ हो, पण प्रशिक्षित माणूस कुठे आहे? आता इथे नीट बघा. प्रकल्पग्रस्ताला जर प्रशिक्षण ठरवणाऱ्या समितीतच जागा नसेल, तर 'प्रशिक्षित स्थानिक नाही' हे उत्तर प्रकल्पवाल्याला कायमचं उपलब्ध राहतं. कुठलं प्रशिक्षण, किती वर्षं आधी सुरू करायचं, हे ठरवणाऱ्या खोलीत तो नव्हता. प्रकल्प येणार हे दहा वर्षं आधी माहीत असतं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यात पाच वेळा पुरा होतो.

एक चांगलं उदाहरण द्यायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल सर नुसते दोष काढतात. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं एक सहा महिन्यांचं प्रशिक्षण आहे, अलिबागलाही त्याचं केंद्र आहे: सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन, आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल व परिचालन. त्याच्या प्रवेशाच्या अटी वाचा. उमेदवार क्रियाशील मच्छीमार असावा, मासेमारीचा दोन वर्षांचा अनुभव असावा, पोहता यावं. शिक्षण चौथी पास असलं तरी चालतं. ही अट वरवर साधी वाटते. पण ती काय गृहीत धरते बघा! शिकायला येणारा कोरी पाटी नाही, तो काही जाणून येतो. आयटीआयचा दरवाजा दहावीचे गुण विचारतो. हा दरवाजा समुद्र विचारतो. अशा वर्गातले वीस-बावीस तरुण म्हणजेच एक सल्लागार समिती आहे, नेमणूक न करता मिळालेली. त्यांना पहिल्या आठवड्यात विचारा, गेल्या मोसमात तुमचं इंजिन कितीदा बंद पडलं, कुठे, आणि कुणी सुरू करून दिलं. अर्धा अभ्यासक्रम तिथेच मिळेल.

आणि पाबळ. पुणे जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, किनाऱ्याशी काही संबंध नाही, तरी सांगतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे रसायन तंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळेतल्या मुलांनी शिकता शिकता गावाला लागणारी कामं करायची: वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, शेती, आणि त्याचे पैसे घ्यायचे. आमच्या मते या प्रयोगातली तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट 'पैसे घ्यायचे' ही आहे. गावकऱ्यानं पैसे मोजले की तो परीक्षक होतो. खाटेचा पाय डुगडुगला तर तो सांगतो. अ‍ॅरिस्टॉटलचा तो जेवणारा इथे पंगतीत बसलेला आहे! समितीची बैठक रोज भरते, इतिवृत्ताशिवाय.

आता अडचणी. पहिली, अधिकाराची. समितीनं कितीही शहाणपणानं सांगितलं तरी राष्ट्रीय अभ्यासक्रमातला एक धडा ती बदलू शकत नाही. हे खरं आहे, आणि म्हणून समितीला सगळ्याचा जाब विचारणं अन्यायाचं होईल. तिच्या हातात काय होतं? कुठले व्यवसाय सुरू ठेवायचे, कुठले नवे मागायचे, छोटे अभ्यासक्रम, पैसा कशावर खर्चायचा, आणि वीस टक्क्यांपर्यंत प्रवेश. गंमत अशी, की महाराष्ट्रातल्या पालकांना ही समिती माहीत आहे ती त्या शेवटच्या अधिकारामुळेच. 'आयएमसीची सीट' म्हणजे जास्त फी भरून मिळणारी जागा. अडीच कोटींची, उद्योग आणि समाज यांना जोडणारी एवढी मोठी कल्पना, आणि लोकांच्या बोलण्यात तिचं उरलं काय, तर कोटा. कर्जाचंही तसंच. त्यातला काही भाग बँकेत बीजनिधी म्हणून ठेवायची मुभा होती, आणि कर्ज फेडायचंय या धास्तीनं खर्चापेक्षा ठेव बरी असं समित्यांना वाटू लागलं. धोका घ्यायला दिलेले पैसे सुरक्षित राहिले, असं फार तर म्हणता येईल.

दुसरी अडचण मोठी आहे: प्रश्नच चुकीचा विचारला जातो. उद्योजकाला विचारलं, 'तुम्हांला कशा प्रकारचं मनुष्यबळ हवं?' की उत्तर ठरलेलं. शिस्त हवी, संवादकौशल्य हवं, शिकण्याची तयारी हवी. हे उत्तर खरं असतं आणि त्याचा काडीचा उपयोग नसतो. कारण प्रश्न त्याच्या मताला विचारला, अनुभवाला विचारला नाही. हाच प्रश्न असा विचारून बघा: गेल्या बारा महिन्यांत तुम्ही किती जणांना कामावर घेतलं, काय पगारावर? त्यातले सहा महिन्यांत किती सोडून गेले? कुठलं काम करायला ठाण्या-मुंबईहून माणूस बोलवावा लागला आणि त्याला किती दिले? या प्रश्नांना मत देऊन सुटता येत नाही. वही उघडावी लागते. बर्फ कारखान्याच्या मालकाला, गॅरेजवाल्याला, नाखव्याला हेच विचारा. तो पाच मिनिटांत जे सांगेल ते कुठल्याही सर्वेक्षणाच्या तक्त्यात येणार नाही.

कोळणींनाही विचारा, हे मुद्दाम म्हणतोय. मासा होडीतून उतरला की पुढचा सगळा धंदा बायकांचा: निवडणं, बर्फात घालणं, सुकवणं, विकणं. आणि स्त्रियांसाठी व्यवसाय शिक्षण म्हटलं की आपल्या डोक्यात अजून शिवणकाम आणि ब्युटी पार्लर. शिवणकामाला आमचा विरोध नाही. पण ओट्यावर सुकत घातलेले बोंबील अवकाळी पावसात सडले म्हणजे किती नुकसान होतं हे जिला ठाऊक आहे, तिला सुकवणीच्या यंत्राबद्दल विचारणारं कुणी समितीत असायला हवं. ती स्वतः असली तर उत्तमच.

तिसरी अडचण वेळेची, आणि ही अगदी किनाऱ्याची आहे. जून-जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, इंजिनं उघडलेली, जाळी तुणायला काढलेली. खलाशाला मोकळा वेळ असतो तो तेव्हा, आणि शिकायला उघडं इंजिन मिळतं तेही तेव्हाच. आयटीआयचं सत्र सुरू होतं ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, म्हणजे नेमकी होडी पाण्यात जाते तेव्हा. कोळ्याचं पोर शाळा सोडून होडीवर जातं म्हणून आपण नाक मुरडतो. त्याच्या वर्षाचा आकार कुणी पाहिलेला नसतो. समितीत एकच तांडेल असता तर हे पहिल्याच बैठकीत निघालं असतं. आणि बैठकही भांगाच्या दिवसांत ठेवावी लागली असती. उधाणाला पाण्याची ओढ जोरात, डोलीला मासळी जास्त. त्या दिवशी त्याला 'दुपारी तीन वाजता प्राचार्यांच्या दालनात' असं पत्र पाठवणं म्हणजे तुम्ही येऊ नका असं कळवणं.

आज हे सगळं बोलायचं कारण असं, की खुर्च्या पुन्हा मांडल्या जाताहेत. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं आयटीआय सुधारणेची साठ हजार कोटींची योजना मंजूर केली, ऑक्टोबरमध्ये ती 'पीएम-सेतू' नावानं सुरू झाली. एक हजार संस्था, त्यांत दोनशे मध्यवर्ती आणि आठशे त्यांना जोडलेल्या उपसंस्था. साठांपैकी तीस हजार केंद्राचे, वीस राज्यांचे, दहा उद्योगांचे. कारभार उद्योगांच्या पुढाकारानं. रक्कम मोठी आहे, इमारती आणि यंत्रं नक्की सुधारतील, आणि ती सुधारायला हवीतच. आमची काळजी चाकाच्या चित्राबद्दल आहे. मध्यवर्ती संस्था साहजिकच कारखान्यांच्या गर्दीत असणार. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड ही चाकाच्या आऱ्यांची टोकं. आऱ्यांनी आसाकडे बघायचं असतं. आसानं आऱ्यांकडे बघावं अशी तरतूद कुठे ना कुठे लिहून ठेवावी लागेल. अंतर नुसतं मैलांचं नाही. कुंडलिका, राजपुरी, सावित्री, खाड्यांनी तोडलेला हा मुलूख आहे, आणि दर खाडीपलीकडे काम वेगळं.

एका श्रोत्यांनी आधीच प्रश्न पाठवलाय, तो घेतो आणि थांबतो. ते म्हणतात, इतक्या सगळ्यांना बसवलं तर समिती नव्हे, जत्रा होईल. निर्णय कसा होणार? हरकत रास्त आहे. 'समिती' हा शब्द सम् आणि 'इ' धातू मिळून झालाय, एकत्र येणं. ऋग्वेदाच्या शेवटच्या सूक्तात तो आहे. एकत्र येणं म्हणजे एकाच दिवशी एका टेबलाभोवती बसणं, असं मात्र कुठे म्हटलेलं नाही. निर्णय घेणारे पाच-सहा जणच असू देत. पण वर्षातून दोनदा त्यांनी उठून साक्षीदारांकडे जावं: एकदा जूनमध्ये बंदरावर, होड्या वर असताना, आणि एकदा वर्कशॉपमध्ये, मुलं यंत्रावर उभी असताना. खोलीत नव्हे. लेथवर नंबर आठवड्यातून एकदा येतो हे तिथे कुणी सांगायची गरज पडत नाही, रांग दिसते.

आणि तांडेलाला, कोळणीला, वेल्डरला बोलावलं तर त्यांचा दिवस बुडतो, तो भरून द्या. जर्मन कायद्यात समितीचं काम मानद आहे, पण बुडालेल्या वेळेची वाजवी भरपाई द्यावी असं स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे कंपनीचा अधिकारी पगारी वेळेत येतो, सरकारी अधिकारी प्रवासभत्त्यावर येतो, आम्ही निवृत्तिवेतनावर येतो. फुकट यायचं असतं ते फक्त ज्याचं पोट त्या दिवसावर आहे त्यानं. भत्त्याची ही एक ओळ मार्गदर्शक सूचनेत घालायला कुठल्याही कायद्यात दुरुस्ती लागत नाही.